नियमाला हो

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी व्हर्जिल लेडविनाने शब्द दिला, आणि तोही भरल्या पोटी, भरल्या टॅव्हर्नमध्ये. घोळ तिथेच झाला. रिकाम्या पोटी माणूस जरा जपून बोलतो.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, त्यामुळे ऑर्विलच्या टॅव्हर्नमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबर क्रीकमधलं निम्मं चर्च तिथे तळलेल्या पर्च माशांवर तुटून पडलं होतं. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासे, आणि मासे पचावेत म्हणून ब्रँडी. एकादशी आणि दुप्पट खाशी, दुसरं काय! खिडकीजवळच्या टेबलावर व्हर्जिल आणि अल्विन झेलेन्का समोरासमोर बसले होते. चाळीस वर्षं ते टेबल त्यांचं होतं. पूर्वी तिथे तिसरी खुर्ची असायची, मार्सेलाची. ती व्हर्जिलची बायको आणि अल्विनची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी ती गेली. ऑर्विलने खुर्ची गुपचूप दुसऱ्या टेबलाला लावून टाकली, आणि हे दोघे मेहुणे दर शुक्रवारी येतच राहिले. व्हर्जिल बारा वर्षं वॉशिंग्टनला खासदार होता, तरी गुरुवारचं शेवटचं विमान पकडून शुक्रवारी विस्कॉन्सिनात, ऑर्विलकडे, हजर म्हणजे हजर.

"काय खासदारसाहेब," अल्विन राय धान्याच्या पावाला लोणी लावत म्हणाला, "मला एक कळत नाही, ते समजावून सांग. आठवीत सिस्टर लिओकाडियाने माझ्याकडून छडी उगारून पाठ करून घेतलं होतं. कर लावायचा कुणी? तर सभागृहाने. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझे सूर इटलीहून निघाले तेव्हा त्यांच्यावर कर नव्हता. बोट समुद्रात असताना लागला. तो लावला कुणी?"

"राष्ट्राध्यक्षांनी."

"तुम्हाला विचारून?"

"नाही."

"मग तुम्ही काय करत होता तेव्हा?"

"भत्ता खात होते," ऑर्विल काउंटरमागून ओरडला, आणि चार टेबलं खदाखदा हसली. ऑर्विलचं तोंड तसंच होतं. गिऱ्हाईक खासदार असो नाहीतर बिशप, त्याच्या तोंडाला फडकं बांधायची कुणाची छाती नव्हती.

अल्विनचा धंदा अ‍ॅकॉर्डियनचा. बापाने सुरू केलेला छोटा कारखाना, तो धरून सहा माणसं. लाकूड इथलं, भाता इथला, शिवणकाम इथलं. पण भात्यातला वारा ज्यांच्यावरून जाऊन आवाज निघतो त्या पोलादी पट्ट्या, ज्यांना कारखान्यात सगळे नुसतं सूर म्हणत, त्या इटलीतल्या एका गावातून यायच्या. तसे सूर या देशात कुणी करत नाही, कधी केलेही नाहीत. त्यामुळे कर लावून कुणाचं रक्षण झालं हे अल्विनला कुणी सांगू शकलं नसतं, आणि दोन महिन्यांत बँडवाल्यांनी निम्म्या ऑर्डरी मागे घेतल्या होत्या.

व्हर्जिलने हात पुसले. समजावून सांगायला त्याला आवडायचं. पन्नास वर्षांपूर्वीचा एक कायदा आहे, तो म्हणाला. त्यात राष्ट्राध्यक्षाला आणीबाणी जाहीर करता येते, आणि परदेशाशी चाललेल्या व्यवहारांचं नियमन करता येतं. नियमनात कर बसतो का? राष्ट्राध्यक्ष म्हणतात बसतो. वकील कोर्टात भांडताहेत, भांडू देत. "पण आणीबाणी उठवायचा अधिकार आमच्याकडे आहे. तसा ठराव सोमवारी येतोय. आणि त्या कायद्याची गंमत अशी, की ठराव आला की पंधरा दिवसांत त्याच्यावर मतदान घ्यावंच लागतं. सभापती असो नाहीतर त्याचा बाप, दाबून ठेवता येत नाही."

"आणि पुढे?" ऑर्विल आता बशा घेऊन जवळच आला होता. "वरचं सभागृह आहे, मग खुद्द राष्ट्राध्यक्षाची सही आहे. तो काय आपल्याच हाताने आपली आणीबाणी उठवणार?"

"मतदान तर होऊ दे. एकदा नावानिशी हो-नाही करायची वेळ आली ना, की शेतीवाल्या भागातले आमचे पंधरा-वीस जण फुटतील. एवढे फुटले की तो मागे हटतो. दोनदा हटलाय."

"आणि तू?" अल्विनने विचारलं.

"मी विरोधात. आमच्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असला तरी विरोधात." इथे व्हर्जिलने ब्रँडीचा ग्लास खाली ठेवला आणि आवाज थोडा चढवला, कारण शेजारची टेबलं ऐकत होती. "शब्द देतो."

"अल्विन, लेखी घे," ऑर्विल म्हणाला.

"मार्सेलाचा नवरा आहे तो," अल्विन म्हणाला. "लेखी कशाला?"

आता या शब्दावर काय लटकलं होतं, ते सांगायला हवं. ओहायोतला एक वाद्यांचा मोठा व्यापारी अल्विनचा कारखाना घ्यायला तयार होता. माणसं सहाही ठेवणार, जागा हलवणार नाही, नाव झेलेन्काच राहणार. फक्त मालक तो. कराचा भार पेलण्याइतका त्याचा खिसा मोठा होता. उत्तर सोमवारपर्यंत हवं, नाहीतर तो दुसरीकडे बघणार होता. बापाची पाटी दुसऱ्याच्या हातात द्यायची या विचाराने अल्विनची झोप उडाली होती. आणि आता पंधरा दिवसांत मतदान होणार होतं. घरी जाता जाता त्याने कारखान्यात शिरून भिंतीवरच्या, सहकारी गोदामाने वाटलेल्या कॅलेंडरवर पंचवीस तारखेभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

मंगळवारी सकाळी व्हर्जिल वॉशिंग्टनच्या ऑफिसात कॉफी ओतून घेत होता तेव्हा अल्विनचा फोन आला.

"काल ओहायोवाल्याला नाही म्हणून टाकलं," अल्विन म्हणाला. त्याचा आवाज शाळा सुटल्यासारखा होता. "म्हटलं, पंधरा दिवस कळ काढतो. आता सगळं तुझ्यावर रे बाबा."

"चांगलं केलंस," व्हर्जिल म्हणाला. आणि तसं म्हणताना त्याला खरंच चांगलं वाटत होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

त्याच दिवशी दुपारी मतदानाची घंटा वाजली. ठरावाची नव्हे, नियमाची. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण सभागृहात कुठलंही मोठं विधेयक येण्याआधी त्या विधेयकाचा नियम येतो. चर्चा किती वेळ, दुरुस्त्या कुणाच्या, असलं सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि आधी त्याच्यावर मतदान होतं. व्हर्जिल नवा होता तेव्हा केंटकीच्या एका म्हाताऱ्या खासदाराने त्याला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन शिकवलं होतं: "नियमाला हो म्हणायचं, विधेयकावर मनाला विचारायचं. नियम म्हणजे घराचा उंबरा. आत जाऊन हवं तेवढं भांड, उंबऱ्यावर भांडायचं नाही." बारा वर्षांत व्हर्जिलने पक्षाविरुद्ध सहा वेळा मत दिलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. पण ती सहाही विधेयकं होती. नियमाला त्याने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. त्याच्या पक्षात कुणीच म्हणत नसे. म्हटलं तर नाव वर नेत्यांकडे जातं, आणि तिथे नाव गेलं की कमिटीतली जागा जाते.

सभागृहाच्या दाराशी मारिबेथने त्याला गाठलं. मारिबेथ त्याच्या ऑफिसची सर्वेसर्वा, दहा वर्षांची जुनी, घाई करायची तिला सवय नव्हती. आज ती धावत आली होती.

"साहेब, आत जायच्या आधी शेवटचं पान वाचा."

"कशाचा नियम आहे?"

"सरकारी पगारांच्या विधेयकाचा. पण शेवटचं कलम वाचा. अर्ध्या तासापूर्वी घुसवलंय."

व्हर्जिलने वाचलं. दोनच ओळी होत्या. या अधिवेशनाचा उरलेला कोणताही दिवस हा आणीबाणीच्या कायद्यातल्या मुदतीपुरता दिवस मानला जाणार नाही. त्याने पुन्हा वाचलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पंधरा दिवस कधी भरणारच नाहीत. आज मंगळवार, उद्या बुधवार, कॅलेंडर चालू. पण त्या ठरावासाठी दिवसच उजाडत नाही. मतदानही होत नाही."

"असं करता येतं?"

"सभागृहाने हो म्हटलं की करता येतं," मारिबेथ म्हणाली. "साहेब, तुम्ही शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलला आहात."

"माहीत आहे गं मला."

आत मतदान सुरू झालं होतं. वर भिंतीवर सगळ्यांची नावं उजळलेली, आणि प्रत्येक नावापुढे एकेक दिवा लागत होता, हिरवा किंवा लाल. पाठच्या रांगेत आयोवाचा रॅमसे आणि मिनेसोटाची सोल्वेग आपापली कार्डं हातात घेऊन बसले होते. दोघांच्याही मतदारसंघात सोयाबीनवाले, आणि करांच्या बदल्यात परदेशाने खरेदी थांबवल्याने त्या शेतकऱ्यांच्या नाकाशी सूत धरलेलं. सकाळी न्याहारीला ते म्हणाले होते, व्हर्जिल, या करांच्या बाबतीत तू पुढे हो, आम्ही मागे आहोत. आता त्यांनी वर त्याच्या नावाकडे पाहिलं. नावापुढे अजून काही नव्हतं.

पक्षाचा प्रतोद जाता जाता थांबला. त्याने दम दिला नाही. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "व्हर्जिल, नियमच आहे नुसता."

नंतर कितीतरी वेळा व्हर्जिलने त्या दोन मिनिटांचा हिशोब स्वतःला द्यायचा प्रयत्न केला. पगार अडकले असते, हे खरं. पुढे कधीतरी दुसरा मार्ग निघाला असता, असं त्याला वाटलं, हेही खरं. भीती वाटली, ते तर खरंच. पण यातल्या कशामुळेही हात उचलला गेला नव्हता. हात सवयीने गेला. इतकी वर्षं नियमावर हिरवं दाबत आलेला हात, त्याने कार्ड खाचेत घातलं आणि हिरवं दाबलं. अल्विनचा सकाळचा आवाज तेव्हा त्याच्या कानात होता. आवाज कानात असतानाच त्याने दाबलं.

मग रॅमसेपुढे हिरवा लागला, आणि सोल्वेगपुढेही. नियम तीन मतांनी पास झाला. तीनच मतं होती, आणि ती तिन्ही कुणाची ते मोजायला व्हर्जिलला कागद लागला नाही.

दाराबाहेर मारिबेथ उभी होती. तिने त्याच्या हातातून ती पानं घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

त्या शुक्रवारी टेबर क्रीकला जाऊच नये असं व्हर्जिलच्या मनात आलं. पण न जाणं म्हणजे कबूलच करणं. ऑर्विलकडे जाण्याआधी तो कारखान्यात गेला. दारातून शिरताना त्याने वाक्य ठरवलं होतं. अल्विन, मी चुकलो. तीन शब्द, सोपे.

अल्विनने त्याला वाक्य काढूच दिलं नाही.

"पेपरात वाचलं," अल्विन म्हणाला. "बस. असा चेहरा पाडून नकोस उभा राहू. तुला माहीतच नसणार. शंभर पानांच्या बाडात कुठेतरी खुपसायचं, शेवटच्या घटकेला पुढे करायचं आणि म्हणायचं, करा सही. मला बँकेने असंच केलं होतं. आयत्या वेळी कागद आला असेल ना?"

"हो," व्हर्जिल म्हणाला. "अगदी आयत्या वेळी आला."

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच ते खोटं तोंडातून इतकं सरळ बाहेर आलं.

"वाटलंच मला," अल्विन म्हणाला. "फसवलं तुला. चल, मासे गार होतील."

नियम पास झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अल्विनने ओहायोवाल्याला पुन्हा फोन केल्याचं व्हर्जिलला वाटेत कळलं. पण तोवर त्या व्यापाऱ्याने मिशिगनमधला एक कारखाना घेऊन टाकला होता.

टॅव्हर्नमध्ये ऑर्विलने बशा आणून ठेवल्या आणि तिथेच उभा राहिला. "काय म्हणतात खासदार? वॉशिंग्टनमध्ये दिवस मावळतो म्हणे, पण मोजत नाहीत."

"त्याला ठाऊक नव्हतं," अल्विन म्हणाला.

"ठाऊक नव्हतं? बारा वर्षं हेच काम करतोय तो. मी बारमध्ये ठेवलाय तो माणूस, त्याला ब्रँडी आणि व्हिस्की ओळखता येत नसेल तर मी ठेवीन का? वाचूनसवरून दाबलंय त्याने. विचार ना, समोरच बसलाय."

अल्विनने काटा खाली ठेवला. तो कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "ऑर्विल, माझ्या बहिणीने या माणसाबरोबर छत्तीस वर्षं काढली. तो माझ्याशी खोटं बोलणार नाही. जिथे त्याला खोटारडा म्हणतात तिथे मी जेवणार नाही." तो उठला, टोपी घातली, आणि भरली बशी तशीच टाकून निघाला.

व्हर्जिल बशीतल्या माशाकडे पाहत बसला होता. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. ते उघडलं नाही. मग तोही उठला आणि मेहुण्याच्या मागे चालता झाला, आणि पाठीवर ऑर्विलची नजर त्याला दारापर्यंत जाणवत राहिली.

त्यानंतर सात महिने अल्विन ऑर्विलकडे गेला नाही. चाळीस वर्षांची मैत्री, एका शब्दावर तुटली. दर शुक्रवारी दोघे मेहुणे अल्विनच्या स्वयंपाकघरात दुकानातले गोठवलेले मासे ओव्हनमध्ये गरम करून खात. मासे पुठ्ठ्यासारखे लागत. अल्विन म्हणे, "वाईट नाहीत," आणि वर व्हिनेगर ओतून घेई. दर शुक्रवारी व्हर्जिल ठरवून येई की आज सांगायचं, आणि दर शुक्रवारी भांडी घासून परत जाई.

कारखाना एका दिवसात बंद पडला नाही. मे महिन्यात तीन तरुण कारागीर बोटींच्या कंपनीत गेले. जुलैत भाता शिवणारी गेली. बर्निस तेवढी राहिली. एकेचाळीस वर्षं सूर जुळवत बसलेली बाई. तिचा कान असा, की गिऱ्हाइकाची गाडी दारात थांबली तरी इंजिन कुठल्या स्वरात आहे ते सांगे. ऑगस्टच्या चर्चच्या जत्रेत बूया नावाच्या रश्श्याच्या कढईपाशी उभी असताना तिने व्हर्जिलला गाठलं. "सप्टेंबरनंतर मी येणार नाही," ती म्हणाली. "अल्विन मला पगार देतोय तो स्वतःच्या म्हातारपणातला. मला घेववत नाही. तू त्याच्याकडे बघ हं, व्हर्जिल. तुझ्यावर त्याचा फार जीव." व्हर्जिलने तिच्या वाडग्यात आणखी एक पळी रस्सा वाढला.

कॅलेंडर मात्र मार्चवरच राहिलं होतं. अल्विनने पान उलटलंच नाही. लाल गोल तसाच.

ऑक्टोबरात वरच्या कोर्टाचा निकाल लागला. राष्ट्राध्यक्षाला असा कर स्वतःच्या सहीने लावता येत नाही, कोर्टाने म्हटलं. तो अधिकार सभागृहाचा, आणि सभागृहाने तो असा आडून दिलेला नाही. सिस्टर लिओकाडिया बरोबर होती तर. जिल्ह्याच्या साप्ताहिकातून फोन आला, खासदारांची प्रतिक्रिया हवी. मारिबेथने एक मसुदा करून दिला होता, त्यात दोन वाक्यं होती, साधी. तिसरं व्हर्जिलने फोनवर स्वतःच्या तोंडून जोडलं: "हा अधिकार आमचा आहे, असं मी पहिल्यापासून म्हणत आलो." फोन ठेवल्यावर मारिबेथने त्याच्याकडे पाहिलं आणि पर्स उघडून त्यातला घडी केलेला कागद त्याच्या टेबलावर ठेवला. सात महिने तिने तो जपला होता. "हा तुमच्याकडेच राहू द्या, साहेब," ती म्हणाली.

त्या शुक्रवारी व्हर्जिल कारखान्यात शिरला तेव्हा अल्विन एकटाच होता. यंत्रं विकली गेली होती, जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोन राहिले होते. खिडकीपाशी एक बाक, त्यावर मेणाचं भांडं तापत होतं, आणि बाकावर मार्सेलाचं अ‍ॅकॉर्डियन उघडून ठेवलं होतं.

"ये," अल्विन म्हणाला. "म्हटलं शेवटचं काम हेच करावं. चार सूर सैल झाले होते. नवीन मेण घालून देतो, तुला घरी ठेवायला."

मग व्हर्जिलने भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरशेजारी साप्ताहिकातलं कात्रण टाचलेलं होतं. त्याचा फोटो, आणि खाली ते तिसरं वाक्य. वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ होती.

"बघितलंस ना?" अल्विनच्या आवाजात खरा अभिमान होता. "ऑर्विलला पाठवणार होतो एक. म्हटलं जाऊ दे, वाचेल तो आपला."

"आता कर गेला," व्हर्जिल म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून. "पुन्हा उघडता येईल का रे?"

"कशाने उघडू? सूर इटलीहून येतील. बर्निसचे कान कुठून आणू? ते मिशिगनवाले तिला न्यायला आले होते, तर म्हणाली, मी आता नातवाचा ड्रम ऐकते." तो हसला. "इकडे ये. तुला एक दाखवतो."

सुरांची लाकडी चौकट त्याने उजेडात धरली. आतल्या बाजूला, एरवी कुणाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: मार्सेला झेलेन्का, मे १९८२. लग्नाच्या आधीचं.

"आमच्या बापाचा दंडक. ज्याने सूर जुळवले त्याने आत नाव लिहायचं. उद्या पेटी बेसूर झाली तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळलं पाहिजे, असं म्हणायचा." अल्विनने कानामागची पेन्सिल काढली, बहिणीच्या नावाखाली स्वतःचं नाव आणि तारीख लिहिली, मग चमच्याने मेण उचललं.

व्हर्जिलने ते नाव पाहिलं. कोटाच्या खिशात मारिबेथचा कागद होता.

"अल्विन, तो कागद मी वाचला होता."

"कुठला?"

"मार्चमधला. नियमाचा. मतदानाच्या आधी मारिबेथने दाखवला. मी दोनदा वाचला."

मेण सुराच्या कडेने ओतलं जात होतं. ओतताना हात थांबला तर गाठ होते, म्हणून अल्विनने हात थांबवला नाही. शेवटपर्यंत ओतलं, चमचा भांड्यात ठेवला.

"कळलं होतं, त्याचा अर्थ काय ते?"

"कळलं होतं."

"ओहायोचं मी त्याच सकाळी सांगितलं होतं."

"हो."

"मग का रे?"

इतके महिने व्हर्जिलने या प्रश्नाची उत्तरं रचली होती. पगारांचं उत्तर होतं, कमिटीचं होतं, पुढच्या संधीचं होतं. ती सगळी त्याने सोडून दिली.

"नियमाला आम्ही नाही म्हणत नाही," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच."

अल्विनने मान हलवली. मेण घट्ट झालं का ते बोटाने दाबून पाहिलं. मग त्याने चौकट आत बसवली, खिळे दाबले, भाता लावला, पट्टा सोडला आणि एक लांब सूर धरला. सूर शुद्ध होता. त्याने अ‍ॅकॉर्डियन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि पेटी बाकावरून व्हर्जिलकडे सरकवली. भिंतीवरचं कात्रण त्याने फाडलं नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग त्याने भिंतीवरचा फोन उचलला. नंबर त्याला पाठ होता.

"ऑर्विल, अल्विन बोलतोय... हो रे, जिवंत आहे. ऐक. मार्चमध्ये तुझ्या तोंडावर जे बोललो ना, ते मागे घेतो. तू म्हणालास तेच खरं होतं... नाही, त्यानेच सांगितलं. आत्ता." पलीकडे ऑर्विल बराच वेळ बोलत होता, शिव्या देत नव्हता, हे व्हर्जिलला बाकापाशीही कळलं. "असू दे आता," अल्विन म्हणाला. "आज जेवायला येतो. खिडकीजवळचंच दे."

ऑर्विलने काहीतरी विचारलं. अल्विनने व्हर्जिलकडे पाहिलं. पेटीची मूठ धरून तो आता दाराशी जाऊन उभा होता.

"नाही," अल्विन फोनमध्ये म्हणाला. "एकट्याचंच मांड."